नजर वर, तृप्ती

आंधळगावच्या शाळेच्या व्हरांड्यात तृप्ती चहाचा कप घेऊन वळली आणि एका उंच माणसावर आदळली. अर्धा चहा त्याच्या सदऱ्यावर.

"अगं बाई… मास्तर! तुमी एवढे उंच आहा?"

"आज उभा आहो ना," भुपेंद्र हसला. "सहा वर्षं बसलेलाच पाह्यलं तुमी मले."

खरंच होतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात वादक मंचापुढच्या खड्ड्यात बसतात. ती वर, दिव्यांत. तो खाली, ऑर्गनवर. लाखनीच्या पाच मुलींच्या पॉप बँडवरचं एक संगीत नाटक दोघांनी गावोगाव केलं होतं. एवढ्या प्रयोगांत तिला ओळखीचा झाला तो त्याचा भांग… आणि सूर देताना मध्येच वर उचलले जाणारे दोन डोळे.

आता त्याच नाटकाचा सिनेमा होत होता, शूटिंग या शाळेत. गाणी पुण्याहून संगणकावर तयार होऊन आली होती. ऑर्गनला काम उरलं नव्हतं.

"मग इकडे कसे?"

"टेम्पोवाल्यानं नाटकाच्या सामानासंगं माझा ऑर्गनही आणून टाकला. तो घरी नेऊन ठेवतो. उद्या नागपूरले चाललो… दाजीनं गोदामात नोकरी लावून देल्ली."

"म्हणजे वाजवणं बंद?"

"थकलो जी."

थकली तर तीही होती. पाच दिवस झाले, पहाटेच तोंडाला रंग; त्यात आज सोमवारचा उपास. पण हा थकवा निराळाच होता, गेल्या सहा वर्षांत न बोललेल्या शब्दांचा. आज त्यातले दोनच पुरले असते. ते ओठांशी आलेही—

"तृप्तीताई, शॉट!" दिग्दर्शक प्रितमची हाक आली.

प्रसंग प्रेमाचा होता. बँडची गायिका नायकाला म्हणते, 'तू ऐकणार नसशील, तर मी गाऊ तरी कशाला?' नायक बाजूलाच उभा. तृप्तीनं वाक्य म्हटलं… आणि नजर समोर, खाली गेली.

"कट! नजर वर, तृप्तीताई. हिरो इकडे आहे."

पुन्हा तेच. पुन्हा. नाटकात प्रेमाचं बोलणंही समोर बघूनच करायचं असतं, पब्लिकला पाठ दाखवायची नाही. मानेला जडलेलं ते वळण काही सुटेना. अकराव्या वेळी प्रितम खुर्चीत कोसळला.

"तठी खाली आहे तरी काय, सांगा ना बाप्पा!"

"ऑर्गन," ती बोलून गेली.

सगळे हसले. मेकअपवाल्या रुखमाबाई सगळ्यांत मोठ्यानं. "असं का वं पोरी! हिरोले सोडून सहा वर्षं ऑर्गनले सांगून राहिली होती?"

तृप्तीचे कान तापले. व्हरांड्यात ऑर्गनला चादर बांधणारा भुपेंद्र मात्र हसला नाही. गाठ हातातच राहिली.

"ओ मास्तर," प्रितम म्हणाला, "तुमीच सोडवा आता. कॅमेऱ्याजवळ उभे राहा, यांची नजर वर येऊ द्या."

तो आला. चहाचा डाग तसाच. हे वाक्य म्हणताना पहिल्यांदाच दोघांच्या मध्ये ना खड्डा, ना दिवे. फक्त चार पावलांची मातीची जमीन…

"तू ऐकणार नसशील," ती म्हणाली, अगदी हळू, "तर मी गाऊ तरी कशाला?"

इथं गप्प व्हायचं होतं. पण आता थांबण्याचंही त्राण नव्हतं.

"जाऊ नको."

"कट! फर्स्ट क्लास!" प्रितम उठला, मग थबकला. "पण ताई, ते शेवटचं… ते लिहिलेलं नाही."

"माहीत आहे मले."

भुपेंद्र प्रितमकडे वळला.

"सर, पुन्हा घ्या ना एकदा. मले नीट ऐकू नाही आलं."

"खोटारडा!" तृप्ती कितीतरी दिवसांनी हसली. मग ती चार पावलं चालून गेली आणि त्याच्यासमोर उभी राहून पुन्हा म्हणाली—

"जाऊ नको."

"नाही जात," तो म्हणाला.

या वेळी कॅमेरा बंद होता.