मेघाश्रीच्या कॅसेटची प्रत

१९९६ साल. महालय अमावास्येचा दिवस, भरदुपार. बेंगळूरच्या बनशंकरीतलं घर.

हे सगळं खरं घडलेलं आहे. तुंगाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी तेव्हा दावणगेऱ्यात होते, म्हणून वाचले. त्यांनी सांगितलं तेच लिहिते.

तुंगाबाईंची एकुलती एक मुलगी मेघाश्री आदल्या हिवाळ्यात तापानं गेली. मागे नवरा प्रवीणकुमार आणि पाचवं लागलेली श्वेता.

जाण्याआधी काही महिने मेघाश्रीच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम एका वाहिनीवर झाला होता. तुंगाबाईंचा भाचा किरणकुमार डिश बसवायचं काम करायचा. गच्चीवरच्या डिशच्या रिसीव्हरवरून त्यानं तो व्हीसीआरवर उतरवून घेतला.

हलती-बोलती मेघाश्री जगात तेवढीच उरली होती. एका कॅसेटमध्ये.

आणि प्रवीणकुमारची बदली झाली होती हुबळीला. संध्याकाळच्या गाडीनं तो श्वेताला घेऊन जाणार होता. कॅसेट लेकीबरोबर जायला हवी, हे तुंगाबाईंना पटत होतं. पण मग आपल्याकडे काय?

म्हणून किरणकुमार सकाळीच दुसरा व्हीसीआर घेऊन आला. दुपारपर्यंत प्रत काढायची होती.

"स्वल्प थांबा आत्या, तासाभराचं काम," म्हणाला.

तास झाला. दुसरा झाला.

मूळ कॅसेट चांगली दिसत होती. चित्रावर थोड्या मुंग्या होत्या, पण त्या पहिल्यापासूनच. प्रत लावली की बायका दिसत होत्या, पेटी दिसत होती, मागचा पडदा दिसत होता... आणि मेघाश्रीच्या जागी नुसता पांढरा धूर.

त्यानं वायर बदलली. हेड स्पिरिटनं पुसला. नवी कोरी कॅसेट घातली. मग त्याच्या लक्षात आलं, की जोडणी रिसीव्हरमधून फिरून जातेय. त्यानं रिसीव्हरच काढला, डिशची केबल उपटली, दोन्ही व्हीसीआर सरळ एकमेकांना जोडले.

पुन्हा तेच.

दोन्ही बाजूच्या बायकांच्या साड्यांचे काठ मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. मधे धूर.

श्रीधरराव, म्हणजे तुंगाबाईंचे यजमान, झोपाळ्यावरून म्हणाले, "काय रे, त्या ताटलीत निम्म्या जगाचे सिनेमे पकडतोस. घरच्या पोरीचं एक भजन उतरेना?"

किरणकुमार हसला नाही.

"मामा, बिघाड असला तर सगळं चित्र बिघडतं. एकट्या माणसाचं नाही बिघडत."

झोपाळा थांबला.

तोवर स्वयंपाक झाला होता. लग्न झालेल्या मुलीचं पान माहेरी वाढत नाहीत. पण प्रवीणकुमारच्या घरी वाढणार कोण? तुंगाबाईंनी रीत मोडली. मेघाश्रीचा फोटो हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेला, म्हणून पान टीव्हीपुढेच मांडलं. लिंबू पिळलेला चित्रान्न भात, वडे, पायसम, तांब्याभर पाणी.

आमच्याकडे पान वाढलं की सगळे बाहेर येतात आणि दार ओढून घेतात. गेलेलं माणूस जेवतं. मग मोठ्यानं तीन टाळ्या वाजवायच्या, त्याला निघायला वेळ द्यायचा, आणि मगच दार उघडायचं. टाळी न वाजवता कधीही नाही.

"आत्या, आत्ताच परत पहिल्यापासून प्रत काढायला लावलंय. बंद करू?" किरणकुमारनं विचारलं.

"राहू दे चालू," श्रीधरराव म्हणाले. "ऐकत ऐकत जेवील."

दार ओढलं. सगळे व्हरांड्यात बसले. श्वेता तुंगाबाईंच्या मांडीवर.

आतून भजन ऐकू येत होतं. पेटी... टाळ... बायकांचे आवाज.

तुंगाबाईंना त्यात लेकीचा आवाज वेगळा काढता यायचा. वरच्या पट्टीतला, किंचित अनुनासिक. डोळे मिटून त्या तेवढाच ऐकत होत्या.

आणि तो थांबला.

बाकीच्या गात होत्या. पेटी चालू होती. फक्त एक आवाज कमी झाला होता...

"अहो," त्या श्रीधररावांना म्हणाल्या, "मेघा गात नाहीये."

कुणी काही बोलायच्या आत आतून दुसरा आवाज आला.

तांब्या जमिनीवर टेकवल्याचा. हळूच. पाणी पिऊन खाली ठेवावा तसा.

प्रवीणकुमारनं सासऱ्यांकडे पाहिलं. श्रीधररावांनी टाळीसाठी हात उचलले, पण ते जुळेनात.

तेवढ्यात व्हीसीआरचा खट्ट आवाज झाला.

"अय्यो, टेप अडकली!" किरणकुमार उठला. मूळ कॅसेट चावली गेली तर सगळंच गेलं, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यानं धावत जाऊन दार ढकललं.

टाळी वाजलीच नव्हती.

आत कुणी नव्हतं. टेप अडकली नव्हती, फक्त संपली होती. वडे तसेच, पायसम तसंच. पण चित्रान्नातले शेंगदाणे निवडून पानाच्या कडेला लावून ठेवले होते.

मेघाश्री लहानपणापासून शेंगदाणे काढून ठेवायची.

किरणकुमारनं प्रत लावली.

चित्र आरशासारखं. एक मुंगी नाही. आणि मधे मेघाश्री. नथीचा खडासुद्धा दिसत होता.

श्वेता टाळ्या पिटून ओरडली, "अम्मा!"

पण मेघाश्री गात नव्हती. तोंड घट्ट मिटलेलं. मान एका बाजूला वळवून ती कुठेतरी पाहत होती. जेवताना कुणी अचानक दार उघडावं आणि माणूस दचकावं... तशी.

भजन संपेपर्यंत ती तशीच होती.

मग मूळ कॅसेट लावली. सगळ्या बायका होत्या. दोघींच्या मधे मात्र एक मोकळी जागा. खांद्याला खांदा लागू नये म्हणून त्या अंग चोरून उभ्या होत्या.

किरणकुमार भिंतीला टेकून खाली बसला. "आत्या, मी काही केलं नाही हो."

"तू काय करणार, बाळा."

प्रत निघालीच नव्हती. मेघाश्री अजूनही एकाच कॅसेटमध्ये होती. फक्त कॅसेट बदलली होती.

प्रवीणकुमार म्हणाला, "आई, मेघाची ही तुम्ही ठेवा. श्वेताला फोटो पुरे."

तुंगाबाई बराच वेळ कॅसेट हातात धरून बसल्या. एकदा ती पदराखालीही घेतली त्यांनी. मग श्वेताच्या पिशवीत, फ्रॉकच्या घडीत नीट घातली.

"माझ्याजवळ तिचं अख्खं लहानपण आहे, जावईबापू. हिला काय आठवणार आहे?"

संध्याकाळची गाडी वेळेवर सुटली.

पुढे श्रीधरराव दोनच वर्षांत गेले. त्या दिवसानंतर त्यांच्या घरात पान वाढून दार कधी ओढलं नाही, उघडंच ठेवत. प्रवीणकुमारनं हुबळीत दुसरं लग्न केलं. बाई चांगली निघाली, श्वेताला तिनं पोटच्यासारखं वाढवलं. किरणकुमारनं डिशचं काम सोडून मिक्सर-पंख्यांचं दुकान टाकलं. लोक लग्नाच्या कॅसेटच्या प्रती मागायला येत, तो हात जोडायचा.

तुंगाबाई पुष्कळ जगल्या. व्हीसीआर चालत होता तोवर त्या मोकळ्या जागेची कॅसेट लावून बसायच्या. मी एकदा शेजारी बसले होते. पेटी, टाळ, बायका... आणि मला कुठला आवाज कमी आहे ते कळेना. त्या मात्र बरोबर त्या जागी मान हलवायच्या.

श्वेता आता इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे. मेघाश्रीची कॅसेट तिच्याकडेच आहे. टेपला बुरशी धरायला लागलीय, आणि ती चालवायला यंत्र आता घरी कुणाकडे नाही. संगणकावर उतरवून घेतली नाही तर वर्षा-दोन वर्षांत पुसून जाईल, असं दुकानदार म्हणतो.

परवा तिचा फोन आला. मला ती चिक्कज्जी, म्हणजे धाकटी आजी म्हणते. "चिक्कज्जी, तुम्हीच सांगा. घेऊ उतरवून?"

आता उतरवताना ती नव्या जागी येईल... की मधेच कुठेतरी राहील?

"स्वल्प थांब," एवढंच म्हटलं मी.

ती अजून थांबली आहे.