रिकाम्या कुपीतले शिखर

टेकडीवर जायचा बेत मोडला तो आलेखातल्या एका टेकडीमुळे. इवलीशी होती ती. पण मावशीच्या चेहऱ्यावर तिची सावली लांबच लांब पडली होती.

मावशी प्रयोगशाळेत इतरांनी मागितलेली रसायने घडवत असे. या वेळच्या पांढऱ्या चुऱ्यापायी तिचा अख्खा हिवाळा खर्ची पडला होता. तपासणी-यंत्राच्या आलेखात मात्र मुख्य शिखराशेजारी एक छोटे, आगंतुक शिखर उगवत होते. म्हणजे भेसळ. ती आज संध्याकाळपर्यंत गेली नाही, तर चुरा टाकून द्यायचा आणि काम दुसऱ्या गटाकडे सोपवायचे, असे प्रमुखबाईंनी सांगून टाकले होते.

यंत्राच्या खोलीत मावशीची भाची चष्मिश आणि मुलगा गप्पू स्टुलांवर बसून होते. मावशीने चुरा पुन्हा शुद्ध करून आणला. शिखर जिथल्या तिथे, तसूभरही न खचता. चष्मिशला तेच खटकले. कपडा कितीही धुतला तरी डाग तेवढाच राहतो, तेव्हा तो कपड्यावर असतो की पाण्यात?

चुरा ज्यात विरघळवून यंत्रात घालत, तो द्रावक नुसताच तपासून पाहिला तर, असे तिने यंत्रावरच्या काकांना विचारले. ती तपासणी ते एरवी रोज करत. कामाच्या गर्दीत या आठवड्यात राहूनच गेली होती.

"काही घातलंच नाही तर दिसणार काय? यंत्र आहे बाई, जादूगार नाही."

"मग पैज, काका," गप्पू म्हणाला. "सरळ रेघ आली, तर सुट्टीभर तुमच्या काचनळ्या आम्ही धुणार. नाही आली तर तुम्ही."

फुकटचे मदतनीस कोण सोडतो? काकांनी नुसता द्रावक घातला. रेघ निवांत सरकत राहिली, आणि नेमक्या त्याच जागी तिने मान वर काढली.

"जादूगारच निघालं की, काका," गप्पू म्हणाला.

चष्मिशची नजर द्रावकाच्या बाटलीवर गेली. तिचे झाकण तडकलेले. काकांनी तोंडावर प्लॅस्टिकचा पापुद्रा ताणून बसवला होता. तो खचून आत द्रावकाला टेकला होता.

"प्लॅस्टिकमधलं काहीबाही ओढून घेतलंय त्यानं," मावशी हळूच म्हणाली.

नवा द्रावक आला, काचेचे झाकण आले. चुरा पुन्हा यंत्रात गेला. या वेळी एकच शिखर उभे राहिले, एकटे आणि निर्मळ.

प्रमुखबाईंनी आलेख बराच वेळ न्याहाळला. "आम्ही सगळे चुऱ्याकडेच बघत बसलो," त्या म्हणाल्या. "शाबास, पोरी... आणि पोरा, तुझी पैजसुद्धा."

काकांनी बाह्या सरसावून काचनळ्या धुवायला घेतल्या. मावशीने पांढरा कोट खुंटीला लावला.

"चला. अजून उजेड आहे. टेकडीवर जाऊ."