चार्जर लावला की…

उमरीच्या मंगल कार्यालयात साखरपुड्याची नवरी स्टेजच्या पायऱ्या चढत होती, आणि इकडं गाणी वाजवणाऱ्या सिंधुच्या टॅबची बॅटरी उतरत चालली होती. तिनं हळूच चार्जर लावला. दोन्ही बाजूंच्या उंच स्पीकरमधून एकदम आवाज सुटला — घूंऽऽऽ!

गाणं चालू होतं, पण गाण्याच्या पोटात ती घूं शिरून बसली होती. पाहुण्यांच्या माना वळल्या. सिंधुनं टॅबवर आवाज कमी केला, तर गाणं कमी झालं आणि घूं तेवढीच राहिली!

तेवढ्यात सूत्रसंचालक माईकवर म्हणाला, "मंडळी, घाबरू नका… नवरीचं रूप बघून स्पीकरलासुद्धा गुणगुणावं वाटून राहिलंय!"

हशा पिकला. सिंधुचे कान तापले. तिनं चार्जर उपटला, आवाज थांबला. पण थोड्या वेळात टॅबच बंद पडला. मग नवरदेवाच्या मामानं स्वतःचा मोबाईल जोडला, आणि तिचा कार्यक्रम तिथंच संपला.

जेवणावळी उठल्यावर ती वायरी गुंडाळत होती, तर तो सूत्रसंचालक मठ्ठ्याचा ग्लास घेऊन समोर उभा.

"मी विरूपाक्ष. निलंग्याचा. घ्या, रागावर मठ्ठा बरा."

"मला राग आलेला नाही."

"मग वायर एवढी आवळून का राहिल्या? जीव जाईल तिचा."

"लोक हसले माझ्यावर. तुमच्यामुळं!"

"स्पीकरवर हसले…" तो बोलता बोलता थांबला. मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, "न्हाई. चुकलंच माझं. माझ्या माईकमागं पण ती घूं येत होती, काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची होती. पण बोलायच्या आधी तुमच्याकडं बघायला पाहिजे होतं, ते राहिलं."

सिंधुनं त्याच्याकडं पाहिलं. बाह्या दुमडलेला पांढरा सदरा, आणि डोळ्यांत खरोखरचं ओशाळलेपण.

"भरपाई करता?"

"हाव, करतो की. काय करू?"

"स्पीकरला कान लावून उभे राहा. मला ही घूं मारायची आहे. आजच."

सिंधु नांदेडला कॉलेजात शिकत होती. टॅब घेतला होता स्पर्धा परीक्षेची लेक्चरं बघायला, पण होस्टेलच्या गॅदरिंगला तिनं त्याच्यावर गाण्यात गाणं मिसळून वाजवलं, आणि पोरी पाय दुखेस्तोवर नाचल्या. तिथून साउंडवाल्या मल्लेशनं तिला कार्यक्रम द्यायला सुरुवात केली. टॅब जुना झाला होता. चार्जिंगला लावल्याशिवाय तो एक कार्यक्रम काढत नव्हता. आज तर उमरीजवळच्या गावावरून तिचे वडील, किशनराव, मुद्दाम लेकीचं वाजवणं ऐकायला आले होते. मागच्या रांगेत बसून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

रिकाम्या कार्यालयात दोघं कामाला लागले. सिंधुनं विरूपाक्षच्या मोबाईलचा चार्जर लावून पाहिला. घूं बारीक झाली, गेली नाही. टॅब आणि माईक ज्याला जोडले होते, तो मिक्सर ज्या बोर्डावर होता त्यातच चार्जर खोचला. आणखी कमी झाली, तरी होतीच. कूलर बंद केले, काही फरक नाही.

"मिक्सरच्या पिनची अर्थिंग तोडून देऊ का?" मल्लेश पक्कड घेऊन आला. "आवाज बंद होतो. लई जण करतात."

"आणि यांच्या हातात माईक असताना करंट उतरला तर? हात लावू नका तिला!"

विरूपाक्ष हसला. "म्हणजे माझी काळजी हाय तर…"

"माईकची आहे."

शेवटी तिनं त्याच्याकडची पॉवर बँक मागून टॅबला जोडली. तो डोळे मिटून, स्पीकरला कान लावून उभा राहिला. सिंधु त्याच्या उत्तराची वाट बघता बघता त्याच्या पापण्यांकडं बघत राहिली… आणि त्यानं डोळे उघडल्यावर घाईनं टॅबकडं वळली.

"गेली," तो म्हणाला. "पार गेली."

"म्हणजे टॅब ठीक आहे. चार्जर भिंतीच्या विजेवर, मिक्सरही तिच्यावरच, आणि टॅब दोघांच्या मधे. त्यानं फेरा पूर्ण होतो, आणि त्या फेऱ्यातून ही घूं फिरते. पॉवर बँक भिंतीला जोडलेली नाही, म्हणून फेरा तुटला."

"मग वाजवा पॉवर बँकेवर."

"हात लावून बघा, आत्ताच केवढी तापली. या उन्हात तिच्यावर कार्यक्रम सोडून मला रडायचं नाही. पक्का उपाय पाहिजे."

संध्याकाळी मोटारसायकलवर गावाकडं जाताना किशनरावांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "माय, चार लोकांत असं नको होऊ देऊ. परीक्षेचं बघ आता. हे राहू दे."

"एकच कार्यक्रम करू द्या, आबा. निलंग्याची हळद मी घेतलेली आहे. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. तिथं पण घूं आली, तर मी होऊन सोडते."

नांदेडला परतल्यावर तिनं हाती लागेल तेवढं वाचलं, व्हिडिओ बघितले. उपाय सापडला. टॅब आणि मिक्सरच्या मधे लावायची एक छोटी डबी, आयसोलेटर. पण नांदेडच्या बाजारात ज्यानं त्यानं नवीन वायरच पुढं केली. रोज विरूपाक्षचा फोन यायचा. आधी डबीची चौकशी, मग जेवण झालं का, मग कशाचीच चौकशी नाही, नुसतं बोलणं… मॅडमची सिंधु झाली, तुम्हीचा तू झाला.

एक दिवस तो म्हणाला, "लातूरला सापडली! कारच्या टेपचं सामान विकतो एक जण, त्याच्याकडं हाय."

"बसच्या कंडक्टरजवळ देतोस?"

"देतो की. पण… चुकीची निघाली तर? ज्याची चीज त्यानंच तपासावी."

सिंधु फोन धरून हसली. "स्टँडवर घ्यायला ये."

ती टॅब, चार्जर सगळं घेऊनच लातूरला उतरली. दुकानदाराच्या काउंटरवरच तिनं सगळं त्याच्या स्पीकरला जोडलं. डबीशिवाय घूंऽऽ. डबी मधे लावली, आणि निव्वळ गाणं. पुन्हा काढली, पुन्हा लावली. तिची खात्री होईपर्यंत दुकानदारानं दोनदा चहा मागवला.

"काय असतं गं यात?" बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर विरूपाक्षनं विचारलं.

"तारेची दोन वेटोळी. शेजारी शेजारी. एकमेकांना शिवत नाहीत, पण गाणं पलीकडं पोचतं. फेरा तेवढा तुटतो."

"न शिवता पोचतं?"

"न शिवता."

तो तिच्याकडं बघत राहिला… जरा जास्तच वेळ. मग नजर ग्लासात बुडवून म्हणाला, "सिंधु, घरी आई पोरी बघून राहिली हाय. आमच्यातल्याच."

"हे मला का सांगतोस?"

"कारण — कारण मी प्रत्येकीला न्हाई म्हणून राहिलोय."

सिंधुनं ग्लास खाली ठेवला. "मला आधी निलंगा पार पाडायचा आहे, विरू. आबांना शब्द दिलाय. तोवर दुसरं काही डोक्यात घेणार नाही."

"आणि मग?"

"मग तू विचारायची वाट बघणार नाही मी," ती म्हणाली, आणि बस लागली म्हणून पळाली. परतीच्या वाटेवर मात्र डोक्यात त्याच्याशिवाय दुसरं काही आलंच नाही.

निलंग्याची हळद विरूपाक्षच्या नात्यातलीच होती. त्याची आई, लक्ष्मम्मा, पदर खोचून हळदीची ताटं फिरवत होती आणि जाता येता सिंधुला निरखत होती. सकाळीच विरूपाक्ष माईक घेऊन मांडवाच्या करंट उतरलेल्या लोखंडी खांबाला टेकणार होता, तर सिंधुनं त्याला बाही धरून मागं ओढलं होतं. किशनराव पहिल्या रांगेत बसले होते. कार्यक्रम रंगात आला, बॅटरीचा आकडा लाल झाला. डबी मधे जोडलेली होतीच; सिंधुनं चार्जर हातात घेतला. विरूपाक्षनं स्टेजवरून ते पाहिलं आणि बोलणं थांबवलं.

तिनं पिन खोचली. गाणं स्वच्छ.

तेवढ्यानं तिचं समाधान होईना. तिनं गाणं मधेच थांबवलं, आवाज मात्र पूर्ण चढवलेलाच ठेवला. सगळा मांडव क्षणभर गप्प झाला. बांगड्या वाजल्या, कुठंतरी एक लहान पोर रडलं. स्पीकरमधून काही म्हणजे काही आलं नाही! आणि मग तिनं असं गाणं सोडलं, की नवरीच्या आत्यासुद्धा हळदीच्या हातांनी नाचायला उठल्या. किशनरावांना यातलं काही कळलं नाही. ते आपले गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसले होते.

दुपारी पंगती बसल्या, तेव्हा विरूपाक्ष मिक्सरजवळ आला.

"जिंकलीस," तो म्हणाला. "आता… म्हणजे मी — "

"थांब. मी म्हणाले होते, वाट बघणार नाही." सिंधुनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "मला तू आवडतोस. जातीचं, घरचं सगळं अवघड आहे, मला माहीत आहे. अवघड आहे म्हणून सोडून देणारी मी नाही. तू आहेस का बरोबर?"

सकाळपासून अख्ख्या मांडवाला हसवणाऱ्या त्या माणसानं नुसती मान हलवली. मग घरातला, आईच्या भाषेतला एकच शब्द निघाला — "हौदु."

"म्हणजे?"

"म्हणजे हो म्हणतोय तो," मागून लक्ष्मम्मा म्हणाली. हातात जिलबीचं ताट, कपाळावर आठ्या. दोघंही जागच्या जागी गोठले. तिनं लेकाकडं पाहिलं, मग सिंधुकडं, बराच वेळ. "आमच्या घरात कन्नड बोलतात, पोरी. शिकावी लागंल."

"शिकेन," सिंधु म्हणाली.

"आज करंट उतरतो म्हणून ह्याला तू त्या लोखंडी खांबापासून मागं ओढलंस, ते बघितलं मी." लक्ष्मम्माच्या आठ्या गेल्या नव्हत्या, पण तिनं एक जिलबी उचलून सिंधुच्या हातात ठेवली. "मी अजून हो म्हणले न्हाई. तुझ्या वडलांना बोलव. मोठ्यांनी बोलायचं मोठ्यांनाच बोलू दे."

सिंधु तशीच जिलबी हातात घेऊन पंगतीतून वाट काढत किशनरावांपाशी गेली.

"आबा, जेवण झालं की जरा तिकडं या. बोलावलंय तुम्हाला."

"का गं माय? आवाजाचं काही बिघडलं का?"

"नाही आबा. आवाज नीट आहे." तिनं एक श्वास घेतला. "माझ्या लग्नाचं बोलायचंय."

किशनरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग लांब मिक्सरपाशी घाम पुसत उभ्या असलेल्या त्या पोराकडं. घास खाऊन ते सावकाश पाणी प्याले, त्यांनी हात धुतले, टोपी सारखी केली.

"चल," ते म्हणाले. "पण माझ्याआधी तू काही बोलू नको."