चिन्नीच्या मापाचा गणवेश

सरकारला पाच वर्षांनी काय काय लागणार, हे आता सोलापुरात चहाच्या गाड्यावरही माहीत असे. पोलिसांच्या लाठ्यांची मागणी वाढली की लोक म्हणत, निवडणूक जड जाणार. पाण्याच्या टँकरची वाढली की मुलींची लग्नं घाईने उरकत. ही सगळी कृपा 'पूर्वमागणी'ची.

पूर्वमागणी ही एक अवाढव्य गणनयंत्रणा. जन्म, पाऊस, आजार, तिजोरी, सगळं तिच्या पोटात घालायचं, म्हणजे सरकार पुढे कोणता माल किती घेईल ते ती सांगे. पूर्वी साथ यायची, मग निविदा निघायची आणि लसी पोचेपर्यंत साथ निघूनही गेलेली असायची. म्हणून ठरलं, अंदाज कारखानदारांना वर्षानुवर्षं आधीच द्यायचा. त्यांनी 'हो' किंवा 'नाही' कळवायचं आणि तयारीला लागायचं. योजना इतकी शहाणी होती की विरोधी पक्षालाही नाव ठेवायला जागा सापडली नाही.

नागमणीबाई बुर्ला सोलापुरात शाळेचे गणवेश शिवत. त्या वर्षीच्या अंदाजात त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. पाच वर्षांनंतर, सीमेवरच्या तीन तालुक्यांत, पहिलीच्या मापाच्या गणवेशांची मागणी एकदम पाव झाली होती. मोठी मापं जशीच्या तशी होती. म्हणजे शाळा होत्या, गावं होती, फक्त धाकटी मुलं नव्हती. त्यांतल्या बोरीकाठ तालुक्यात त्यांची लेक पद्मा दिली होती. पद्माची चिन्नी नुकती पावलं टाकायला लागली होती. बरोबर पाच वर्षांनी ती पहिलीत जाणार होती.

बाई तडक पुण्याला गेल्या आणि पूर्वमागणी केंद्रातल्या डॉ. इरावती मोने यांच्या पुढ्यात बसल्या.

"मॅडम, चूक असंल बघा कुठंतरी. मशीनच हाय शेवटी."

डॉ. मोन्यांनी आकडे पुन्हा चालवले. आकडे तेच आले.

"मग पोरं जातात कुठं ओ?"

"ते तिला सांगता येत नाही, नागमणीताई. तिला मुलं मोजता येत नाहीत. सरकारची खरेदी तेवढी मोजता येते. पण मागच्या अंदाजातून काय गळलं, ते बघता येईल."

गळलं होतं ते एकच. औषध लावलेल्या मच्छरदाण्या, पाळण्याच्या मापाच्या. नव्या कालव्याच्या साठलेल्या पाण्यात एक डास वाढत होता आणि त्याचा ताप तीन वर्षांखालच्या मुलांना सोसत नव्हता. येत्या दोन वर्षांत साथ जोर धरणार, हे यंत्रणेने गणितात धरलं होतं. म्हणून आधी तिने मच्छरदाण्या मागितल्या होत्या.

"मग काढल्या कशाला?"

"कारण कुणीच 'हो' म्हटलं नाही. जे कुणी बनवणारच नाही, ते सरकार विकत घेणार कुठून? बाहेरच्या राज्यांतल्या गिरण्यांनी आपला माल त्यांच्या सरकारांना आधीच कबूल केलाय. तेव्हा तिने मच्छरदाण्यांशिवायचं भविष्य काढलं. आता अंदाजात नाहीत, म्हणून खात्याने तरतूदही केली नाही. ठरवलं असं कुणीच नाही."

बाईंना कारखानदारांच्या संघाची बैठक आठवली. सोलापुरातले कारखानदार अंदाज आला की चहाला जमत आणि काम आपसांत वाटून घेत. चादरी मार्गमांच्या, टॉवेल चाटलांचे, गणवेश बुर्लांचे. एकमेकांच्या वाटणीत कुणी हात घालायचा नाही, हा बापजाद्यांचा रिवाज आणि त्याचा सगळ्यांना अभिमान. मच्छरदाण्या नव्या होत्या. बाईंना वाटलं, ते मार्गमांचं. मार्गमांना वाटलं, चाटलांचं. सगळ्यांनी अदबीने 'नाही' कळवलं आणि दुसरा चहा मागवला.

"मी हो म्हणते," बाई म्हणाल्या. "शिलाई मशीनं इकते, जाळी विणायची आणते. आत्ता घाला आत."

डॉ. मोन्यांनी तसं घातलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "साथीआधी तुमच्याकडून एका तालुक्यापुरता माल होईल. कुठला तालुका, ते विचारतेय ती."

"बोरीकाठ." बाईंनी श्वाससुद्धा घेतला नाही.

पडद्यावर बोरीकाठची लहान मापं परत आली. बाई ओक्साबोक्शी रडल्या. चिन्नी वाचली होती. मग त्यांची नजर खालच्या दोन तालुक्यांवर गेली. तिथले आकडे हलले नव्हते. आपण किती पटकन बोललो, याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी तिथूनच संघाच्या अध्यक्षांना, वेंकटेश मार्गमांना, फोन लावला.

"अण्णा, मच्छरदाण्याला हो म्हणा. आजच. चाटलांनाबी सांगा."

"तुम्ही घेतलाव म्हणं की ते काम? आत्ताच नवा अंदाज आला, त्यात दिसलं आम्हाला. मग झालं की अक्का. तुमच्या वाटणीत आम्ही हात घालत नसतो."

"वाटणी गेली खड्ड्यात! मला एकटीला पुरं पडत नाही ओ. पोरं मरतील तिकडं, दोन तालुक्यांतली!"

मार्गम वाईट माणूस नव्हते. पद्माच्या लग्नात त्यांनी पंगती वाढल्या होत्या.

"अंदाजात आलंय तसं? पोरं मरणार म्हणून?"

"तसं येत नसतंय त्याच्यात. गणवेश कमी आलेत, अण्णा. बारके गणवेश."

"आणि मच्छरदाण्या? त्या दोन तालुक्यांत सरकार घेणार म्हणून आलंय?"

"नाही. तुम्ही हो म्हटलाव तर येईल."

"अक्का," मार्गम समजुतीने म्हणाले, "पूर्वमागणी आजवर एकदा तरी चुकली का? सरकारलाच लागणार नाही म्हणतीय, तर लागणार नाही. तुम्ही दमलाव. घरी या, जेवा."

फोन ठेवला गेला. बाईंनी डॉ. मोन्यांकडे पाहिलं.

"तुम्ही तरी सांगा की ओ त्यांना. शिकलेल्या हाव तुम्ही."

"तुम्ही फोनवर होता तेवढ्यात मी तीन खात्यांना कळवलं," डॉ. मोने म्हणाल्या. "त्यांनीही हेच विचारलं. अंदाजात आलंय का?"

नागमणीबाईंनी चाटलांचा नंबर लावला. चाटलांनी फोन उचलण्याआधीच त्यांचं उत्तर पडद्यावर उमटलं. बुर्लांच्या कामाचा मान राखून त्यांनी नव्या अंदाजालाही 'नाही' कळवलं होतं.