मुजीबभाईंचं खमीर

सकाळी शटर वर गेलं की घरगुती बिअरचं साहित्य विकणाऱ्या 'आंबवण'च्या काउंटरवर पहिली गर्दी व्हायची ती निवृत्त मंडळींची. फिरायला गेलेले लोक परतताना पिशवीत मेथीच्या जुडीबरोबर यीस्टची एक पुडी टाकून न्यायचे. घरगुती बिअरला सरकारने परवानगी दिल्याला आता बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्याही ओट्यावर मिक्सरच्या शेजारी घरभट्टी येऊन बसली होती. मोठ्या कुकरएवढं स्टीलचं भांडं, झाकणावर छोटासा पडदा. त्यात बार्लीचा काढा ओतायचा, यीस्टची पुडी फोडायची आणि झाकण लावायचं. बिअर तयार झाली की मोबाइलवर निरोप यायचा. कुणाची जमली, कुणाची आंबट झाली, याच्या गप्पा लोणच्याच्या गप्पांसारख्या चालायच्या.

काउंटरमागे मृणाल दांडगे बसायची. एके काळी ती संभाजीनगरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होती. नोकरी सोडून तिने हे दुकान काढलं, ते पुढच्या काउंटरपेक्षा मागच्या खोलीसाठी. तिथे शीतकपाटं होती आणि त्यांत काचेच्या नळ्यांमध्ये यीस्टचे वाण झोपलेले असायचे. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एकपेशी बुरशी. साखर खाते, मद्यार्क आणि वायू सोडते. त्या वायूनेच पीठ फुगतं. पण प्रत्येक वाणाचा स्वभाव निराळा, आणि मृणालला त्या स्वभावांचं वेड होतं. कुठे जांभळाच्या सालीवरून, कुठे रसवंतीच्या लाकडी चरकावरून तिने ते गोळा केले होते.

त्यातला एक वाण मुजीबभाईंचा होता. शहागंजच्या मागच्या गल्लीत त्यांची नानची भट्टी होती. नान-खलिया खायला येणाऱ्यांना खलिया म्हणजे मटणाचा रस्सा कुठलाही चालायचा, नान मात्र मुजीबभाईंचेच लागायचे. आदल्या दिवशीच्या आंबलेल्या पिठाचा गोळा, म्हणजे खमीर, दुसऱ्या दिवशीच्या पिठात घालायचा, अशी ती साखळी त्यांच्या आजोबांपासून चालत आली होती. एकदा ते स्वतःच स्टीलच्या डब्यात खमिराचा गोळा घेऊन दुकानात आले होते.

"ताई, हे तुमच्याकडे ठेवा. माझ्या हातून कधी बिघडलं तर मागायला येईन. माणसाचा काय भरवसा?"

मृणालने त्यातलं यीस्ट वेगळं केलं, नळीत भरलं, वर त्यांचं नाव लिहिलं.

मग तो उन्हाळा आला. रोहित्र जळालं, वीज आलीच नाही, आणि जनरेटरनेही ऐन वेळी दगा दिला. पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला. मृणाल बर्फाच्या लाद्या आणून कपाटांत भरत राहिली, तरी संग्रहातले कितीतरी वाण तिच्या डोळ्यांदेखत मेले. त्या नळ्या फेकताना तिला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं.

नॉर्डहेम कंपनीचा माणूस आला तो त्यानंतर. नॉर्डहेम ही जगातल्या मोठ्या बिअर कंपन्यांपैकी एक. लोक घरीच बिअर करायला लागल्यापासून तिचा खप घसरत चालला होता. ऋत्विक परुळेकर नावाचा हा विभागप्रमुख वयाने लहान, बोलायला मऊ होता.

"दुकान तुमचंच राहील, मॅडम. पाटीही तीच. तुम्ही बसता ती खुर्चीही तीच. फक्त तुमचे वाण आमच्या शीतगृहात राहतील, उणे ऐंशी अंशांवर. तिथे वीज कधीच जात नाही."

पैशांपेक्षा त्या शेवटच्या वाक्याने मृणालचा निर्णय झाला. पुण्याचं, नाशिकचं, नागपूरचं अशी सगळीच साहित्याची दुकानं कंपनीने त्याच सुमारास घेतली, हे तिला नंतर कळलं. कुठल्याच दुकानाची पाटी बदलली नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांना कशाचाच पत्ता लागला नाही.

संग्रह गेला. एकाच वाणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी असू नयेत असा कंपनीचा नियम होता, म्हणून दुकानात उरलेल्या नळ्या मृणालने स्वतःच वाफेच्या भट्टीत घालून नष्ट केल्या. वाईट वाटलं. पण ते सुरक्षित आहेत, या समाधानावर तिने दिवस काढले.

वर्षभराने कंपनीचं 'राखण' बाजारात आलं. हे नवं यीस्ट स्वतःभोवती एक विष सोडायचं. माणसाला त्याची काही बाधा नव्हती, पण भांड्यात शिरलेलं कुठलंही परकं यीस्ट त्याने मरायचं. त्यामुळे बिअर कधीच बिघडायची नाही. आणि हे राखण यीस्ट पुडीतल्या खास पोषकाशिवाय जगतच नसल्यामुळे ते भांड्याबाहेर पडून काही करील अशी भीती नव्हती. कंपनीने तसं सांगितलं होतं, मृणालनेही गिऱ्हाइकांना तसंच सांगितलं. लोक खूश झाले. जुन्या पुड्या हळूहळू येईनाशा झाल्या.

पुढच्या हिवाळ्यात मुजीबभाई दुकानात आले. तोच स्टीलचा डबा त्यांच्या हातात होता. आत पिठाचा गोळा होता तसा बसलेला, ओल्या मातीसारखा.

"उठतच नाही, ताई. आधी वाटलं थंडी आहे. भट्टीजवळ ठेवलं, गूळ घातला. चार भट्ट्यांवर विचारलं, सगळ्यांचं तेच. गल्लीतल्या जिलेबीवाल्याचा घोळपण आंबत नाही."

"आणि बाजारातलं यीस्ट घातलंत तर?"

"ते आजोबांच्या पिठात घालू? तेही करून बघितलं. तेही मरतं."

मृणालने गोळ्यातला कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मुजीबभाईंच्या खमिरातल्या गोल, टपोऱ्या पेशी तिच्या ओळखीच्या होत्या. त्या सगळ्या मेलेल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये लांबट, बारीक, अनोळखी पेशी जिवंत होत्या.

मग तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून विषाला लगेच बळी पडणारं एक यीस्ट आणलं. काचेच्या ताटलीत त्याचा दुधाळ थर वाढवला आणि मधोमध त्या लांबट पेशींचा ठिपका ठेवला. दोन दिवसांनी ठिपक्याभोवती थर विरून गेला होता. स्वच्छ, काचेसारखं कडं. मृत्यूचं कडं. मग तिने शहरभरातून नमुने गोळा केले. मोरीचं पाणी, पेरूची साल, मंदिरासमोरच्या झेंडूचा हार, स्वतःच्या स्वयंपाकघरातला ओटा. प्रत्येक ताटलीत कडं उमटलं.

काय झालं असावं, ते तिने मुजीबभाईंना जमेल तसं समजावलं. "घरभट्ट्या मोरीत विसळल्या जातात. तिथे त्या राखण यीस्टचा रानटी यीस्टशी संकर झाला. त्यांच्या पोरांनी विष सोडणं उचललं आणि पोषकाची गरज मागे टाकली. आता ती सगळीकडे जगतात. पीठ फुगवण्याचा गुण त्यांच्यात नाही, पण दुसऱ्याला जगू देत नाहीत."

"म्हणजे माझं खमीर गेलं?"

"इथलं गेलं. पण तुम्ही मला दिलेलं आहे ना. कंपनीकडे आहे. मी मागवते."

तिने मागवलं. आठ-दहा निरोपांनंतर ऋत्विक परुळेकर स्वतः आला. त्याने बॅगेतून एक सोनेरी पुडी काढून काउंटरवर ठेवली. वर छापलं होतं, 'शाही नान'.

"तुमच्या संग्रहातलंच आहे, मॅडम. विषाला दाद देणार नाही असा बदल केलाय. पीठ उत्तम फुगतं."

"मला ही पुडी नकोय. मूळ वाण हवाय. ज्यांचा आहे त्यांना परत द्यायचाय."

"करारात पूर्ण संग्रह होता." तो तिच्याकडे न बघता बोलला. "आणि मूळ वाण दिला तरी तो इथल्या हवेत जगणार कसा?"

मृणालने विचारलं, "हे असं होणार, हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"मी विक्री बघतो, मॅडम. प्रयोगशाळा नाही." तो बॅग उचलून दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला. "पण विक्रीचे अंदाज आमच्याकडे दोन वर्षं आधी येतात. राखण बाजारात यायच्या आधीच त्या अंदाजात गिऱ्हाईक म्हणून बेकऱ्या होत्या. तेव्हा मला वाटलं, चुकून आल्या असतील."

मुजीबभाईंनी पुडी नेली. दुसरा इलाज नव्हता. भट्टीवर माणसं होती, त्यांची घरं होती. नान पूर्वीसारखेच फुगले, पूर्वीसारखेच तांबूस झाले. चवही तीच. गिऱ्हाईक परत आलं. फक्त आजचा गोळा उद्याच्या पिठात चालत नव्हता. पुडीतलं पोषक संपलं की रात्रीतून तो मरायचा. रोज नवी पुडी लागायची.

मृणालला राहवेना. एका दुपारी ती भट्टीवर गेली आणि त्या पुडीत त्यांचाच वाण आहे हे तिने सांगून टाकलं. मुजीबभाई बराच वेळ हातावरचं पीठ चोळत बसले.

"म्हणजे मी माझ्या आजोबांनाच रोज विकत घेतोय."

तिने शेजारी पडलेल्या रिकाम्या सोनेरी पुड्या गोळा करायला घेतल्या.

"मी तुम्हाला वाईट म्हणत नाही, ताई. पण दुकान विकलंत तेव्हा माझं तेवढं बाजूला काढून ठेवायचं होतं. ते तुमचं नव्हतं."

ते आवाज न चढवता बोलले, आणि म्हणूनच ते वाक्य तिच्या मनातून हटेना. महिनाअखेरीस तिने खुर्ची सोडली. कंपनीने तिच्या जागी एक मुलगी बसवली. पाटी तशीच राहिली.

मृणालच्या मनात एकच विचार घोळत होता. जिथे पुड्या पोचल्याच नाहीत, अशी जागा कुठेतरी असेल. तिथलं रानटी यीस्ट अजून शाबूत असेल. त्यातून पीठ फुगवणारा एखादा वाण सापडला, तर निदान नव्याने सुरुवात करता येईल. धडगावच्या वर, सातपुड्यात, तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं माहेर होतं. तिची आई ठगीबाई पावरा अजून तिथेच राहत होती. मोह फुलायचे दिवस होते. मृणालने मुजीबभाईंना बरोबर येता का विचारलं. त्यांनी भट्टी भावावर सोपवली आणि गाडी काढली.

ठगीबाईंचं घर डोंगराच्या सोंडेवर होतं, कुडाच्या भिंतींचं, समोर शेणाने सारवलेलं अंगण. पाड्यावर घरभट्टी कुणी पाहिली नव्हती. बाजारात पुड्या आलेल्या नव्हत्या. मृणालला हे ऐकूनच हलकं वाटलं. ठगीबाईंनी पहाटे वेचलेली मोहाची फुलं पळसाच्या द्रोणात तिच्यापुढे ठेवली. मृणालने चिमट्याने एक फूल उचललं, निर्जंतुक नळीत टाकलं आणि झाकण लावलं.

मुजीबभाईंना मात्र धीर नव्हता. त्यांनी फुलं पाण्यात कुस्करली, त्या पाण्यात पीठ मळलं. ठगीबाईंच्या लाकडी काथवटीत त्यांचे हात सराईतपणे फिरत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी फडकं बाजूला केलं, तर गोळा दुप्पट झाला होता. वर बुडबुडे आले होते. मुजीबभाईंनी त्यावर बोट टेकवलं. खळगा पडला आणि हळूहळू भरून आला.

"उठलं," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले.

त्यांनी चुलीवर मडकं पालथं घालून त्यावर नान भाजले. शहागंजच्या नानची चव नव्हती ती, मोहाचा गोडसर वास होता. पण ते नान जिवंत पिठाचे होते. पाड्यावरची मुलं-बाया जमल्या. ठगीबाईंनी उरलेल्या पिठाचे गोळे करून तीन-चार घरी दिले. "माझी सूनपण शिकेल हे," त्या म्हणाल्या. मुजीबभाईंनी तिथल्या बायांना पीठ मळायचं कसं ते दाखवलं. जाताना आपल्यालाही एक गोळा मिळेल, शहराबाहेर कुठेतरी भट्टी टाकता येईल, असे बेत ते मृणालला सांगत राहिले. इतकं बोलताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मृणालने दुधाळ थराच्या, बरोबर आणलेल्या ताटल्या खाली गावातल्या आरोग्य उपकेंद्रात ठेवल्या होत्या. एका ताटलीत चिमट्याने उचललेल्या फुलाचा ठिपका होता, दुसरीत मुजीबभाईंच्या पिठाचा. दोन दिवसांनी ती आणि मुजीबभाई त्या बघायला उतरले.

पहिली ताटली दुधाळ होती. काठापासून काठापर्यंत, सलग. कुठेही कडं नव्हतं. मृणालने ती उजेडात धरली आणि तिचे डोळे भरून आले.

मग तिने दुसरी उचलली.

ठिपक्याभोवती कडं होतं. बारीक, पण स्पष्ट.

"एकाच द्रोणातली फुलं होती," मुजीबभाई म्हणाले. "मग यात कुठून आलं?"

मृणाल त्यांच्या हातांकडे बघत होती, नखांच्या कडांकडे. मग तिने स्वतःच्या ओढणीकडे पाहिलं, बाहेर उभ्या, शहरातून आलेल्या गाडीकडे पाहिलं. मुजीबभाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी हात पाठीमागे घेतले आणि चढ संपेपर्यंत ते तसेच चालले.

पाड्यावर दोन घरांतून नानचा वास येत होता. ठगीबाईंची सून काथवट घासून पाणी झाडांच्या बुंध्याशी ओतत होती. ते दोघं अंगणाच्या कडेशी येऊन थांबले. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय टाकायचं त्यांना धाडस होईना, आणि परत फिरावं तर सांगायचं काय, ते सुचेना.

ठगीबाई दारात आल्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून दोघांकडे पाहिलं आणि हसल्या.

"उन्हात का उभे राहिले? आत या ना. घरचेच ना तुम्ही?"