पहिल्या डागाची कापणी

सागरवनस्पती केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. उर्मिला केळुसकर यांनी सूक्ष्मदर्शक हरेश तांडेलांपुढे सरकवला. तांडेल हे खाडीमुखाच्या वस्तीचे कापणीप्रमुख. वस्ती समुद्रात भराव टाकून वसवलेली. तिच्यापुढे तीस वर्षांपूर्वी पेरलेलं तपकिरी शेवाळांचं लाटारोधी वन हाच तिचा बांध. यंदा त्या वनात एकही नवं झाड वर आलं नव्हतं.

"वन मेला काय, मॅडम?"

"मेलेलं नाही. चांगलं मजेत आहे. बघा."

काचपट्टीवर वनाच्या खडकावरून खरवडून आणलेल्या तपकिरी धाग्यांचं जाळं पसरलं होतं.

"या शेवाळाच्या दोन पिढ्या असतात. उंच झाडाच्या पानांवर डाग पडतात, त्या डागांतून बीजाणू सुटतात. बीजाणूंपासून हे सूक्ष्म नर-मादी धागे होतात आणि त्यांच्या मीलनातून पुन्हा उंच झाड. पण धाग्याचा तुकडा तुटला तर त्याचाही धागाच वाढतो. झाड न होताही वंश चालतो. तुम्ही कापणी कधी करता?"

"पयलो डाग दिसलो की लगेच. बीजाणू सुटले की पान चिवट होता, कोण घेणा नाय."

हा नियम केंद्रानेच वस्तीला शिकवला होता. वर त्यासाठी पारितोषिकही मिरवलं होतं.

"म्हणजे ज्या वाणाला झाड व्हायची ओढ होती, तो बीजाणू सुटण्याआधीच कापला जाऊन दरवर्षी निर्वंश होत गेला. धागाच राहणारा तगला. खडकभर आता तोच आहे, आणि धाग्यांनी लाट अडत नाही."

तांडेल म्हणाले, "एक जुना झाड असा. दीपगृहाच्या खडपाकडे. तेच्यापासून परत पेरूया."

उर्मिला ताडकन उठल्या. एका झाडाचे बीजाणू कोट्यवधी. दोन पावसाळे कसेबसे निभावले तर वन पुन्हा उभं राहील, हे त्या दीपगृहाकडे निघालेल्या होडीत स्वतःलाच बजावत होत्या.

झाड खरंच होतं, चांगलं दोन पुरुष उंच. उर्मिलांनी एकेक पान उलटून पाहिलं. सगळी गुळगुळीत होती.

"अजून डाग पडले नाहीत?"

"कधीच नाय," तांडेल अभिमानाने म्हणाले. "किती वर्सां बघतंय. डाग पडाक नाय, म्हणान कोणी कोयतो लावूक नाय."

उर्मिलांनी हातातलं पान पाण्यात सोडलं. "म्हणूनच ते उरलंय, तांडेल. ते वांझ आहे."

तांडेलांनी वल्हं आत घेतलं आणि वस्तीकडे पाहत राहिले.

"पावसाच्या आदी लोकांका हलवचा लागतला," ते शेवटी म्हणाले. "मी सांगतंय तेंका. तुमी येव नकात."