शिंपिणीचा नमुना

डॉक्टरांच्या लेकीला मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. विषाणूच्या तापावर डॉक्टरांचा मोठा अभ्यास चालला होता. रुग्णाला नवं औषध द्यायचं, त्याच्या घशातला नमुना घ्यायचा, चपट्या बाटलीत वाढवलेल्या पेशींवर तो सोडायचा आणि बाटली ऊबपेटीत ठेवायची. विषाणू जिवंत असला की पेशी मरतात, थराला भोकं पडतात.

त्या रुग्णांत एक शिंपीण होती. तिचा ताप उतरला, पण छातीतली धडधड काही थांबेना. मशीनचं पायडल मारताना दम लागायचा.

"बाई, ताप गेला ना? मग हे मनाचे खेळ," डॉक्टर म्हणाले.

विषाणू काळजात उतरलाय, हे त्यांना छातीला नळी लावताच कळलं होतं. पण तसं कबूल केलं तर औषधाला बट्टा लागला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी तिला अभ्यासातूनच काढून टाकलं.

"माझं काळीज तुम्हाला ऐकू येत नाही म्हणता," शिंपीण उठत म्हणाली. "येईल हो. मला घाई नाही."

उन्हाळा सरायच्या आत ती गेली.

त्यानंतर लगेचच प्रयोगशाळेतल्या ताईंनी डॉक्टरांना हाक मारली. "सर, जरा बघता का? का माझेच डोळे फिरलेत?"

डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले. शिंपिणीच्या बाटलीत एकही भोक नव्हतं. सगळा थर एकदम आकसत होता, सैल होत होता, पुन्हा आकसत होता. त्या पेशी मूत्रपिंडाच्या. धडधडणं त्यांच्या जातीतच नाही.

डॉक्टरांनी सहज आपल्या मनगटावर बोट ठेवलं. ठोक्याला ठोका जुळत होता.

टेबलावर बाटली निवत गेली, तशी त्यांची बोटं गार पडली. डोळ्यांपुढे अंधारी आली.

"आत ठेवा ती."

बाटली उबेत गेली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

"पण सर, अभ्यासातून काढलेल्याचा नमुना ब्लीचमध्ये टाकायचा. नियम तुमचाच."

"राहू दे."

"मग बाईंना परत घेतलं म्हणू? त्यांच्या काळजाचं दुखणंही मांडावं लागेल."

डॉक्टरांनी बाटलीवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि तिचं खाणंपिणं स्वतःच बघू लागले.

"बाबा, नात रांगायला लागली," लेक फोनवर म्हणाली. "पेटीत काय अंडी उबवताय?"

औषध गाजलं, डॉक्टरांचा सत्कार झाला. हिवाळ्यात एकदाचे ते लेकीकडे गेले.

इकडे ताई ऊबपेटी पुसत होत्या. शिंपिणीच्या बाटलीवर चिठ्ठी नव्हती. पेटीच्या तळाशी कागदाचे दोन तुकडे पडले होते. फाटलेल्या कडेला बारीक भोकं होती, एका सरळ रेषेत. दोऱ्याविना मशीन मारावी तशी.

हात लावू नये, असं आता बाटलीवर कुठेच नव्हतं.

ताईंनी नियम पाळला.

नात आजोबांच्या छातीवर डोकं टेकून पडली होती. एकाएकी तिने मान उचलली, आणि ती रडू लागली.

शिंपीण त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वारली. डॉक्टर हिवाळ्यात, एका मंगळवारी दुपारी. ब्लीचमधल्या बाटलीतली धडधड मात्र संध्याकाळपर्यंत चालू होती.